ऑनलाइन अभ्यासक्रमातून माघार : शब्द, व्यवहार आणि अर्ज



अभ्यासक्रमाला प्रवेश कसा घ्यावा, हे सांगणारे साहित्य तुमच्या हाती भरपूर येते. घेतलेला प्रवेश सोडायचा कसा, याविषयी मात्र माहितीपुस्तिकांत दोन ओळी सापडणेही कठीण असते. व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण नोकरीचा अर्ज, रजेचा अर्ज, तक्रार अर्ज यांचे नमुने पाहतो. माघारीचा अर्ज त्या यादीत सहसा नसतो. सोडणे ही जणू लिहून कळवण्याजोगी गोष्टच नव्हे, अशी आपली एक अबोल समजूत आहे. प्रस्तुत लेखात आपण याच गोष्टीचा विचार करणार आहोत : ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम सोडणे म्हणजे नेमके काय, त्याने काय पुसले जाते, काय मागे उरते आणि ते कोणत्या मराठीत कळवावे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक स्थिती गृहीत धरू. समजा, तुम्ही गोंदिया जिल्ह्यातील आमगाव किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी राहता. घरी थोडी धानाची शेती आहे. दिवसा दुसरे काम करून तुम्ही मुक्त विद्यापीठाची बी.ए. करीत आहात. जून महिन्यात कोणीतरी सुचवले म्हणून तुम्ही ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या मंचावर आणखी एक अभ्यासक्रम नोंदवला. नोंदणीला पैसे लागले नाहीत आणि पाच मिनिटेही लागली नाहीत. जुलैच्या अखेरीस पहिला स्वाध्याय आला, आणि त्याच आठवड्यात पाऊस धरला.

दोन कालपत्रके

‘स्वयम्’ची सत्रे साधारणतः जानेवारी आणि जुलै अशी दोन असतात. जुलै सत्राचे पहिले स्वाध्याय आणि पूर्व विदर्भातील धानाची रोवणी एकाच वेळी येतात. पऱ्हे ठरावीक वयाचे झाले आणि बांधीत पाणी साचले की रोवणी थांबवता येत नाही. मजूर मिळतील त्या दिवशी ती करावी लागते. स्वतःच्या शेतात रोवणी नसली तरी दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जाणाऱ्या स्त्रियांचे वर्षातले मोठे उत्पन्न याच दिवसांत मिळते. पुढे त्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात, तेव्हा कापणी आणि चुरणे सुरू असते. जानेवारी सत्र सोयीचे वाटते. परंतु मामा तलावाचे किंवा कालव्याचे पाणी असेल तिथे उन्हाळी धान असते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचे असते आणि परीक्षांच्या सुमारासच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो.

हे सांगण्याचा हेतू सबब पुरवणे हा नाही. माघारीच्या अर्जात ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असे लिहिण्याची आपल्याला सवय आहे. हा शब्दप्रयोग काहीच सांगत नाही. ‘रोवणीच्या हंगामामुळे जुलै व ऑगस्टमधील स्वाध्याय वेळेत सादर करता आले नाहीत’ हे वाक्य मात्र कारण सांगते, काळ सांगते आणि पुढल्या सत्रात काय बदलता येईल याची दिशाही त्यातून मिळते.

सोडणे आणि सुटणे

मराठीत ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ अशी क्रियापदांची जोडी आहे. पहिले सकर्मक, दुसरे अकर्मक. ‘मी नोकरी सोडली’ या वाक्यात कर्ता आहे, निर्णय आहे. ‘माझी शाळा सुटली’ या वाक्यात निर्णय कोणाचा ते कळत नाही. दिवसाची शाळा सुटली की कायमची सुटली, हेही संदर्भावरूनच समजून घ्यावे लागते. फाडणे-फाटणे, तोडणे-तुटणे, जाळणे-जळणे या जोड्या तुम्ही व्याकरणाच्या घटकात अभ्यासल्या आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो, कारण तिथे बहुतेक अभ्यासक्रम सोडले जात नाहीत, ते सुटतात.

हे जगभर घडते. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली आणि सुमारे २३,००० जणांनी तो पूर्ण केला. पुढे हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या खुल्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्याचा अहवाल २०१९ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५२ टक्के, अभ्यासक्रमाच्या पानावर एकदाही गेले नव्हते. २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र ते ४६ टक्के होते. तेव्हा तुमच्या खात्यावर एखादा अर्धवट अभ्यासक्रम पडून असेल तर ती तुमच्या एकट्याची गोष्ट नाही. तो निर्णय न घेताच सुटला असेल, तर पुढचा भाग नीट वाचावा.

एका कळीमागचे पाच अर्थ

मंचांवर या कृतीसाठी निरनिराळे इंग्रजी शब्द येतात आणि मराठी भाषांतरात ते एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करणे आवश्यक आहे. ‘अनएन्रोल’ म्हणजे एका अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द करणे. खाते राहते, इतर अभ्यासक्रम राहतात. ‘विथड्रॉ’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारातला आहे. त्यात संस्थेला कळवणे आणि संस्थेने ते नोंदवून घेणे अपेक्षित असते. त्याला ‘माघार घेणे’ हा चांगला मराठी शब्द आहे, आणि निवडणुकीतील उमेदवारी अर्जामुळे तो सर्वांच्या परिचयाचाही आहे. ‘आर्काइव्ह’ म्हणजे नुसते नजरेआड करणे. त्याने काहीही रद्द होत नाही. ‘डिॲक्टिव्हेट’ म्हणजे खाते निष्क्रिय करणे, आणि ‘डिलीट’ म्हणजे ते हटवणे. यांपैकी शेवटची कृती सर्वांत मोठी असते आणि गंमत अशी की घाईत असलेला विद्यार्थी नेमकी तीच करतो. एक अभ्यासक्रम नकोसा झाला म्हणून संपूर्ण खाते हटवतो, आणि आधी मिळवलेली प्रमाणपत्रेही त्याबरोबर हातची जाऊ शकतात.

सहावी एक कृती आहे, जिला मंचाच्या भाषेत नावच नाही : मोबाइलवरून ॲप काढून टाकणे. त्याने अभ्यासक्रम सुटत नाही, खाते हटत नाही आणि वर्गणीही थांबत नाही.

‘स्वयम्’वर काय घडते

‘स्वयम्’ मंचाचे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. तेथील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : दृक्‌श्राव्य व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चा. नोंदणी आणि अभ्यास विनामूल्य असतो. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करून शुल्क भरावे लागते. माघारीच्या दृष्टीने ही रचना फार महत्त्वाची आहे. तुम्ही अभ्यासक्रम नोंदवला आणि परीक्षेची नोंदणी केली नाही, तर तुम्ही परीक्षेला बसलेलेच नसता. अनुत्तीर्ण झाल्याचा प्रश्न उद्भवत नाही. परीक्षेचे शुल्क भरल्यानंतर मात्र ते परत मिळेल, असे धरून चालू नये. म्हणून निर्णयाची खरी तारीख नोंदणीची नसून परीक्षाशुल्क भरण्याची असते. ती तारीख अभ्यासक्रमाच्या पानावर पाहून दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

सोडण्याआधी गुणांचे गणित मात्र एकदा मांडून पाहावे. आयआयटींच्या सहभागातून चालणाऱ्या ‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि अंतिम परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत १० आणि परीक्षेत ३० गुण लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचीच सरासरी धरली जाते. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठांपैकी सहा, चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चारांपैकी तीन. म्हणजे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात रोवणीचे तीन आठवडे पूर्ण बुडाले, तरी तुमच्या गुणांवर परिणाम होईलच असे नाही. अनेक विद्यार्थी दुसरा स्वाध्याय चुकताच ‘आता काही खरे नाही’ असे मानून मंचाकडे फिरकत नाहीत. नियम वाचला असता तर त्यांनी सोडले नसते. इतर समन्वयक संस्थांच्या अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापन आणि परीक्षा यांचे प्रमाण साधारणतः ३० आणि ७० असते व तेथील स्वाध्यायांचे नियम वेगळे असू शकतात. ते त्या त्या पानावरच पाहावेत.

आता सोडण्याचे ठरलेच, तर तुम्ही तो अभ्यासक्रम कशासाठी नोंदवला होता, हा प्रश्न विचारा. केवळ आवड म्हणून नोंदवला असेल तर मंचावर नोंदणी रद्द केली की विषय संपतो. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार ‘स्वयम्’चे श्रेयांक पदवीतही धरता येतात. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा सत्रातील अभ्यासक्रमांच्या २० टक्के होती. २०२१ च्या विनियमांत ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. अशा श्रेयांकांसाठी तुम्ही तो अभ्यासक्रम घेतला असेल, तर माघार दोन ठिकाणी कळवावी लागते : मंचावर आणि तुमच्या अभ्यासकेंद्रात. मंचावरची कळ दाबल्याने अभ्यासकेंद्राच्या दप्तरातील नोंद बदलत नाही. तिथे तुमचे श्रेयांक येणे बाकी आहे असेच दिसत राहील आणि निकालाच्या वेळी धावपळ होईल.

एक गोष्ट जाता जाता. नोंदणी रद्द केली म्हणजे ज्ञानाचे दार बंद झाले असे नव्हे. ‘स्वयम् प्रभा’च्या दूरचित्रवाहिन्या उपग्रहावरून चोवीस तास विनामूल्य दिसतात, त्यांना नोंदणी लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील वनगावांत जिथे मोबाइलला नीट संपर्क मिळत नाही, तिथे हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. अनेक अभ्यासक्रमांची व्याख्याने यूट्यूबवरही असतात, आणि काही अभ्यासक्रमांचे लिखित रूप मराठीतही उपलब्ध झाले आहे.

जिथे पैसे गुंतलेले असतात

खासगी मंचांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अभ्यासक्रमाची नोंदणी आणि पैशांचा करार या दोन निराळ्या बाबी असतात. उदाहरणार्थ, ‘कोर्सेरा’वर अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द केल्याने मासिक वर्गणी आपोआप थांबत नाही, ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. ‘सात दिवस मोफत’ या मुदतीनंतर वर्गणी सुरू होते, आणि ती तुम्ही व्याख्याने पाहता की नाही यावर अवलंबून नसते. परताव्याची मुदतही प्रत्येकाची वेगळी. ‘एडेक्स’वर साधारण १४ दिवस, ‘युडेमी’वर ३० दिवस. पैसे भरण्यापूर्वी हीच ओळ शोधून वाचावी.

वर्गणी आपोआप कापली जाण्याची संमती आपण कार्डावर किंवा यूपीआयवर देतो. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि ती संमती मागे घेण्याची सोयही द्यावी लागते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ अशा नावाचा विभाग असतो. तिथे चालू संमती दिसते व रद्द करता येते. तो संदेश आला की जाहिरात समजून पुसू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये शैक्षणिक कंपन्यांबाबत पालक व विद्यार्थ्यांना सावधगिरीची सूचना दिली होती, तीत स्वयंचलित कपातीचा पर्याय टाळावा असा स्पष्ट सल्ला होता.

सर्वांत अवघड प्रकार कर्जाचा आहे. काही अभ्यासक्रमांची फी ‘सुलभ हप्त्यां’त देऊ केली जाते. हप्ता शिक्षणसंस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, आणि सही केलेला कागद त्या वित्तसंस्थेशी झालेला करार असतो. अशा वेळी अभ्यासक्रम सोडला तरी कर्ज सुटत नाही. इथे व्याकरण आणि व्यवहार दोन्ही बिनचूक आहेत! रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्जदाराला सुरुवातीची एक मुदत मिळते, जिच्यात मुद्दल व त्या दिवसांचे प्रमाणशीर व्याज भरून दंडाविना बाहेर पडता येते. ती मुदत कराराच्या कागदावर लिहिलेली असते आणि ती थोडी असते. म्हणून इथे ‘बघू, पुढच्या महिन्यात’ परवडत नाही.

कबूल केलेला परतावा मिळाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः जिथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले तरी तुम्हाला तिकडे जावे लागत नाही. गोंदियातील आयोगाकडे दाद मागता येते. या तरतुदीचे मोल गावाकडच्या विद्यार्थ्याला जितके आहे तितके शहरातल्याला क्वचितच असेल.

खाते आणि माहिती

खाते हटवायचेच असेल तर आधी प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि पैसे भरल्याच्या पावत्या उतरवून घ्या. हटवण्याची विनंती लेखी करा. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याने दिलेली संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या कायद्यानुसार जी नोंद ठेवणे बंधनकारक आहे, ती मात्र संस्था ठेवू शकते.

संपूर्ण पदवीच थांबवण्याचा विचार असेल, तर तो माघारीचा विषय राहत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. अभ्यासकेंद्रात याची चौकशी केल्याविना नाव कमी करू नये.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. केंद्र संयोजक,
(अभ्यासकेंद्राचे नाव), जि. गोंदिया

विषय : ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमातून माघार घेत असल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी बी.ए. (मराठी) द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा कायम नोंदणी क्रमांक (…) आहे. जुलै सत्रात मी ‘स्वयम्’वरील (अभ्यासक्रमाचे नाव व सांकेतांक) या अभ्यासक्रमाची नोंदणी श्रेयांक हस्तांतरणासाठी केली होती. रोवणीच्या हंगामामुळे मला पहिल्या आठपैकी पाच स्वाध्याय सादर करता आले नाहीत. परीक्षेसाठी मी नोंदणी केलेली नाही. मंचावरील नोंदणी मी दि. (…) रोजी रद्द केली असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.

तरी केंद्राच्या दप्तरातून हा अभ्यासक्रम वगळावा आणि त्याऐवजी कोणता विषय घेता येईल ते लेखी कळवावे, ही विनंती. या अर्जाची पोच मिळावी.

आपली विश्वासू,
(सही, नाव, दिनांक)

या अर्जात क्षमायाचना नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. माघार हा विद्यार्थ्याचा निर्णय आहे. तो कळवायचा असतो, त्याबद्दल माफी मागण्याचे कारण नसते. ‘नोंदणी रद्द झाली आहे’ असे न लिहिता ‘मी रद्द केली असून’ असे लिहिले आहे, तेही मुद्दाम. कोणी केली, केव्हा केली आणि पुरावा कुठे आहे, हे तिन्ही एका वाक्यात आले. शेवटच्या ओळीतील ‘पोच’ हा शब्द विसरू नका. पोच नसलेला अर्ज दप्तरात सापडला नाही, तर तो दिला होता हे सिद्ध करणे तुमच्याकडे येते.

स्वयंअध्ययनासाठी

तुमच्या मोबाइलमधील शैक्षणिक मंचांची खाती उघडून पाहा आणि नोंदवलेल्या अभ्यासक्रमांपैकी कोणते तुम्ही सोडले व कोणते सुटले, ते वहीत दोन रकान्यांत लिहा. सुटलेल्यांपैकी एक निवडून, तो पुढे चालू ठेवण्याचा वा त्यातून माघार घेण्याचा निर्णय कळवणारा दहा ओळींचा अर्ज तयार करा. अर्जात ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द वापरू नयेत. अर्ज पुढील संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवावा.